डबे आणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत घर आवरण्याविषयी जे लेख येतात, त्यांत एका मापाच्या पारदर्शक डब्यांची छायाचित्रे ठळकपणे छापलेली असतात. त्या डब्यांत काय ठेवले आहे आणि ते तिथे टिकेल का, याची चर्चा मात्र क्वचितच आढळते. परिणामी डबे आणले की पसारा मिटला, अशी समजूत रूढ होत चालली आहे. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. आधी कपाट रिकामे करावे, नको त्या वस्तू काढून टाकाव्यात, उरलेल्यांचे वापरानुसार गट पाडावेत, कप्प्याची मापे घ्यावीत आणि मगच डब्याचा विचार करावा. नाहीतर नको असलेले सामानच नीटनेटके भरून ठेवले जाते.

डब्यावरचा लिटरचा आकडाही निवडीला फारसा उपयोगी पडत नाही. बहुतेक डबे तळाकडे निमुळते होत जातात, त्यामुळे घडी घातलेली चादर किंवा फाइल तळाशी सपाट बसेल की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. गोल डबा चौरस जागेत ठेवला तर त्या जागेचा एक पंचमांशाहून अधिक भाग वाया जातो. शिवाय वजनाचा अंदाज आपण बहुधा चुकवतो. छपाईच्या साध्या कागदाचे ५०० पानांचे एक रीम सुमारे अडीच किलो भरते; या हिशेबाने ५० लिटरचा डबा कागदपत्रांनी गच्च भरल्यास तो ३० किलोच्या पुढे जाईल आणि एकट्याने उंचावरून उतरवणे धोक्याचे ठरेल. पुस्तके आणि कागद लहान डब्यांत, पांघरुणे मोठ्यांत, इतके पथ्य पाळले तरी पुरे.

मात्र सर्वाधिक नुकसान ओलाव्याने होते. घट्ट झाकणाचा डबा बाहेरची दमट हवा आत येऊ देत नाही, तशीच आतली बाहेरही जाऊ देत नाही. हाताला कोरडा लागणारा सुती कपडासुद्धा दमट हवेत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून असतो आणि लोकर त्याच्या जवळजवळ दुप्पट. असे कपडे गरम, दमट दिवशी डब्यात कोंबले आणि पुढे तापमान उतरले की तोच ओलावा झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने साचतो. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिल्यास बुरशी धरण्याचा धोका वाढतो. म्हणून कोरड्या हवेचा दिवस निवडावा, कपडे चांगले वाळवून भरावेत आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. या पुड्याही कालांतराने ओलाव्याने भरतात, हे विसरू नये. पुठ्ठ्याचे खोके स्वस्त खरे, पण ते ओलाव्याने मऊ पडते आणि झुरळांना व कसरीला आसरा देते.

प्लास्टिकचा प्रकारही पाहायला हवा. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन असते आणि घरगुती साठवणीला ते चांगले. ३ हा आकडा पीव्हीसीचा. जुनी छायाचित्रे वा दस्तऐवज दीर्घकाळ ठेवण्यासाठी ते टाळावे. डांबरगोळ्या काही प्रकारच्या प्लास्टिकला, विशेषतः पॉलिस्टायरीनला, मऊ करतात, याची कल्पना अनेकांना नसते.

चिठ्ठी डब्याच्या दर्शनी बाजूला चिकटवावी, झाकणावर नव्हे. एकावर एक रचलेल्या डब्यांची झाकणे दिसत नाहीत आणि आवराआवरीत ती हमखास अदलाबदल होतात. 'किरकोळ' असे लिहिलेला डबा शक्यतो घरात नसावाच, कारण जिचे काय करायचे हे ठरत नाही अशी प्रत्येक वस्तू शेवटी त्यातच जाऊन पडते.

उत्पादकांनीही थोडी तसदी घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. लिटरच्या जोडीला तळाची आतली लांबी-रुंदी, एकावर एक रचताना झाकण किती किलो भार सोसेल हा आकडा आणि प्लास्टिकचा प्रकार डब्याच्या बाहेरच्या बाजूला ठळक छापला, तर ग्राहकाला दुकानातच मापपट्टी लावून निर्णय घेता येईल.

आपला,
एक वाचक