दहाही बोटं शाबूत आहेत, ताई

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

तुमच्या सत्काराला मला येता आलं नाही, त्याच दिवशी आमची ग्रामसभा होती. भाषणं नंतर मोबाइलवर ऐकली. यशस्वी उद्योजिका, शिक्षणाचं काम करणाऱ्या, जिल्हा परिषद गाजवलेल्या, सगळं खरंच आहे. पण तुमच्या कारखान्यातल्या प्रेसच्या बटणांबद्दल एकही जण बोलला नाही. ते राहून जाऊ नये म्हणून हे उघड पत्र.

1985 ला वाळूजमध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागे सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांची शेडं उभी राहिली. त्यातल्याच एका शेडात तुम्ही दोन पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून त्याचे भाग बनवणाऱ्या यंत्रांवर, जॉबवर्क सुरू केलं. बँकवाले तुम्हालाच विचारायचे, "मालक कधी येणार?" हा किस्सा तुम्ही हसत सांगायचात, पण हसू कुठे थांबायचं ते आम्हाला दिसायचं. मी पैठण तालुक्यातून हेल्पर म्हणून आले तेव्हा शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना सुरू झाला होता (2001) आणि तुम्ही दुचाकीच्या ब्रॅकेटवरून मोटारीच्या पार्टवर चालला होता. ऑर्डर मोठी, मुदत कमी, रिजेक्शनची धास्ती.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा दाबणारा ठोकळा, खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये, खालच्या साच्यात, राहूच शकत नाही. पण घाई असली की ऑपरेटर एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण. तासाला नग वाढतात. आमच्या पट्ट्यात तीन-चार बोटांचे हात बरेच दिसतात ते त्यामुळे. त्या आठवड्यात माल अडकला होता, सुपरवायझर स्वतःच पट्टी लावून गेला होता. तुम्ही राउंडला आलात, माझ्या प्रेसची मेन स्विच बंद केली आणि नखाने ती पट्टी खरवडून काढलीत. माल मागवणाऱ्या पार्टीचा फोन चालूच होता. "माल उद्या जाईल, बोट उद्या येणार नाही," एवढंच त्यांना बोललात. मग त्या सुपरवायझरला जे बोललात ते इथे लिहिता येत नाही.

ताई, त्याबद्दल मनापासून आभार. आज मी भाकरी थापते, मापाचं व्हर्निअर धरते, सही करते, ते दहा बोटांनी.

संध्याकाळी कॅंटीनच्या टेबलावर तुम्ही ड्रॉइंग वाचायला शिकवायचात. आठवीत शाळा सुटलेल्या आम्हा बायकांकडून बाहेरून दहावी देण्यासाठी 17 नंबरचे फॉर्म भरून घेतलेत. फी तुम्हीच भरलीत आणि पगारातून हळूहळू कापूनही घेतलीत! त्याचा तेव्हा राग आला होता. आता वाटतं, फुकट दिली असती तर निम्म्या जणी परीक्षेला बसल्याच नसत्या. पुढे तुमची शाळा, आयटीआय उभी राहिली. त्याबद्दल तुमच्या विद्यार्थ्यांनी लिहावं, मला त्यातलं फार कळत नाही.

राजकारणातलं सगळंच पटलं असंही नाही. पक्ष बदललात ते मला आवडलं नाही, तोंडावरही बोलले होते. दुसऱ्यांदा पडलात त्यात त्याचा वाटा होताच.

पण 2011 ला पंचायतींमध्ये बायकांच्या जागा 33 वरून 50 टक्के झाल्या आणि आमच्या वॉर्डात महिला राखीव आलं, तेव्हा गावाने माझ्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, "उभे राहताय ना?" विचारलं. फॉर्म माझा, विचारणा त्यांना! तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि मला बाजूला घेऊन विचारलंत, "मीटिंगला कोण बसणार?" मी म्हटलं, मी. "मग एमबी मागायला शीक."

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक. झालेलं काम इंजिनिअर त्यात मापून लिहितो आणि त्यावरच बिल निघतं. निवडून आल्यावर शाळेच्या वॉल कंपाउंडच्या बिलावर माझी सही हवी होती. पुस्तकात उंची दीड मीटर. तुम्ही त्या दिवशी गावात होता. मी भिंतीकडे पाहत उभी, तर म्हणालात, "नुसतं काय बघायलीस, टेप धर की!" सव्वा मीटरही भरेना. मी सही केली नाही. ठेकेदार घरी येऊन बसला, मालकांना समजावू लागला, मालकांनी त्याला माझ्याकडे बोट दाखवलं. महिन्याभरात भिंतीवर आणखी थर चढले. आता शेळ्या शाळेत शिरत नाहीत.

पोरीने यंदा आयटीआयला टूल अँड डाय मेकर घेतलंय. मी फिटर म्हणत होते, ऐकलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिला तुमच्या टूलरूमला पाठवू का? जेवणाचा डबा ती आणेल, पैसे देऊ नका. बटणांचं मी तिला आधीच सांगितलंय, तरी तुम्ही एकदा बोला.

तुमची,
प्रेस शॉपमधली पैठणवाली