अठरा साच्यांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या अण्णांस

आदरणीय अण्णा,

सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आपल्या घराच्या सोप्यात वर्तमानपत्रावर, गळाला लावायचे शिसे ओतण्याचे अठरा साचे ओळीने मांडलेले होते आणि आपण वहीतले नाव वाचून एकेकाच्या हाती साचा देत होता, तेव्हा आभाराचे दोन शब्द बोलावेत असे मनात होते. पण आपण ‘पुढचा’ म्हणालात आणि मी मुकाट्याने बाजूला झालो. तोंडावर केलेली स्तुती आपल्याला खपत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. आणि ते खुले अशासाठी, की हौशी मंडळींची अशी एकत्रित ऑर्डर पुढे कुणी काढणार असेल, तर ती आपण कशी तडीस नेली हे त्याला कळावे.

ज्यांना गळाचा नाद नाही त्यांच्यासाठी आधी आमची अडचण सांगतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाण्याला ओढ असते आणि तळ खडकाळ असतो. गळ तळाशी राहावा म्हणून दोराला वजन बांधतात; त्यासाठी बाजारात मिळणारे गोल शिसे त्या ओढीत गडगडत जाते, दोन दगडांच्या फटीत अडकते आणि मग दोर तोडण्यावाचून इलाज राहत नाही. चपटे, चिंचोक्याच्या आकाराचे शिसे मात्र तळाला बसून राहते. तसे शिसे आम्हाला विकत मिळेना, म्हणून ते घरीच ओतावे आणि त्यासाठी ॲल्युमिनियमचा दोन फाळ्यांचा साचा करून घ्यावा असे ठरले. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना, त्यामुळे असा साचा नीट वापरला तर वर्षानुवर्षे टिकतो. गोम होती ती खर्चाची. मशीनवर एक साचा करा की अठरा करा, प्रोग्रॅम लिहिणे, जॉब बांधणे आणि सेटिंग करणे यांना लागणारा वेळ तोच. तो एकट्याच्या माथी आला तर साच्याचे मोल परवडत नाही, आणि अठरा जणांत वाटला तर कुणालाच जड जात नाही.

हे गणित मलाही कळत होते, आणि तरीही दोन वर्षांपूर्वी मी अशीच ऑर्डर काढून तोंडावर आपटलो होतो. तेव्हा वीसहून अधिक जणांनी ‘माझा एक धर’ म्हटले आणि पैसे पाच जणांनी दिले. कुणाला छिद्र मोठे हवे होते, कुणाला एका साच्यात तीन घरे, म्हणजे शिसे ओतायचे तीन खळगे, हवे होते, आणि मी प्रत्येकाला ‘बघतो’ म्हणत राहिलो. शेवटी वर्कशॉपवाल्याने आमच्या भरवशावर कापून ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांचे पैसे मी पदरचे भरले. त्यात त्यांची काही चूक नव्हती. चूक माझ्या ‘बघतो’ची होती.

आपण हात घातलात आणि पहिल्या बैठकीतच दोनशे पानी वही उघडलीत. अर्धी रक्कम आधी, नाव नंतर. ड्रॉइंगवर प्रत्येकाची सही, आणि सही झाल्यावर मापात केसाचाही बदल नाही. खरे सांगायचे तर त्या दिवशी मला हा सगळा प्रकार फार कडक वाटला होता. शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, करण्यात आपली उभी हयात गेली हे ठाऊक होते, पण ही हौसेची गोष्ट आहे, कारखान्याची नव्हे, असे मी घरी जाताना मित्राला बोलूनही दाखवले होते.

माझे डोळे उघडले ते माझ्याच ड्रॉइंगने. चाळीस ग्रॅमचा चिंचोका मी बेतला होता, लांबी ३२ मिलिमीटर. तो बरोबर होता. साठ ग्रॅमचा करताना वजन दीडपट, म्हणून मी लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही दीडपट केली आणि लांबी ४८ लिहून मोकळा झालो. आपण कागद पाहिलात, काही न बोलता आत गेलात आणि तिसऱ्या दिवशी सागवानात कोरलेले दोन नमुने माझ्या तळहातावर ठेवलेत: एक माझ्या मापाचा, एक आपल्या. माझा नमुना मुठीत धरून आपण म्हणालात, “आरं, ह्यो चिंचोका न्हवं, आंब्याची कोय झाली की!” मग पेन्सिलीने कागदाच्या कडेला हिशेब मांडलात, की तिन्ही बाजू दीडपट केल्या की आकारमान दीडपट होत नाही, जवळजवळ ३.४ पट होते, आणि माझे साठ ग्रॅम प्रत्यक्षात १३५ ग्रॅम भरले असते. खरी लांबी हवी होती ३६.६ मिलिमीटर. हे आपण अठरा जणांसमोर सांगू शकला असता. आपण ते मला एकट्याला सांगितलेत आणि नव्या ड्रॉइंगवर माझ्याकडूनच सही घेतलीत, याचे आभार कसे मानावेत ते मला अजून उमगलेले नाही.

आपले नकारही वहीत लिहिलेले आहेत, आणि आज वाटते की ऑर्डर तरली ती त्यांच्यामुळे. आमच्यातल्या एकाने अमेरिकेतले हौशी नेमबाज बंदुकीच्या गोळ्यांचे साचे असेच एकत्र मागवतात हे कुठेसे वाचले होते, आणि ‘एक घर गोल गोळीचे ठेवू या, आजोबांची ठासणीची बंदूक आहे’ असे तो म्हणाला. आपण ती ओळ तिथल्या तिथे खोडलीत आणि १९५९ चा शस्त्र कायदा दारूगोळा बनवण्याबाबत काय म्हणतो ते त्याला इतक्या शांतपणे समजावलेत, की तो रागावलाही नाही. दुसरा नकार मला जास्त बोचला होता. दहा ग्रॅमचे बारीक शिसे मला हवे होते. आपण म्हणालात, की तुटलेले बारीक शिसे पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात; राजहंस मरू लागले म्हणून ब्रिटनने १९८७ पासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. आपल्या नदीवर बगळे आणि वारकरी पक्षी कमी आहेत का, असे आपण विचारलेत. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या, मासा न खाणाऱ्या माणसाने गळकऱ्यांसाठी एवढी उठाठेव करावी याचे आम्हाला नवल वाटत होते, ते त्या प्रश्नाने जरा कमी झाले. बारीक वजने मी आता कथलाची करतो. ते हलके असल्याने आकार थोडा मोठा होतो, पण काम भागते.

नमुन्याच्या पहिल्या साच्यात चिंचोक्याचे टोक भरत नव्हते. मी लगेच वर्कशॉपला बोल लावायला निघालो होतो. आपण साचा उघडून उजेडात धरलात आणि हवा निघायला वाटच ठेवलेली नाही, ती आपल्या ड्रॉइंगमध्येच काढायची राहून गेली, हे कबूल करून अठराही साच्यांच्या फाळ्यांवर पोलादी सुईने केसासारख्या रेघा स्वतः ओढल्यात. पहिले शिसे आपण परसात, वाऱ्याच्या बाजूला उभे राहून ओतून दाखवलेत: साचा आधी तापवलेला, आत दिव्याची काजळी धरलेली, जवळपास पाण्याचा थेंबही नाही, कारण वितळलेल्या शिशात ओल गेली तर वाफ होऊन शिसे अंगावर उडते. पोरांना आपण वाड्याबाहेर पिटाळलेत आणि हात धुतल्याशिवाय कुणाला चहा दिला नाहीत. माझ्या पहिल्या चिंचोक्याचे वजन काट्यावर साठला अर्धा ग्रॅम कमी भरले. तो मी वापरणार नाही, टेबलावर ठेवला आहे.

उरलेल्या रकमेतून प्रत्येकाला शेहेचाळीस रुपये परत मिळाले, पाकिटात, सुट्या नाण्यांसह. आपल्या चहाचे, रिक्षाचे, सागवानाचे पैसे कुठल्या पानावर आहेत ते मी शोधले. ते कुठेच नाहीत. यावर आपण वाद घालू देणार नाही हे मला कळते, तरी नोंद करून ठेवतो.

आपले दोन्ही सागवानी नमुने अजून माझ्याकडेच आहेत. येत्या रविवारी सकाळी ते घेऊन येतो. पाकिटाच्या गडबडीत शेहेचाळीस रुपये पोचल्याची सही वहीत माझ्या नावापुढे राहून गेली आहे, तीही तेव्हाच करतो. कोय मात्र परत मागू नये, ही विनंती.

आपला,
वहीतला सातव्या क्रमांकाचा