मुलगी घरी बसते, मुलगा गप्प बसतो

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
सादर नमस्कार.

तालुक्याच्या गावी मी 19 वर्षं शिकवते. सध्या नववीची वर्गशिक्षिका आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत सफाई कर्मचाऱ्याने दोन लहान मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप झाला आणि सीसीटीव्ही, तक्रारपेटी, शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांचे आदेश पुन्हा आले. ते हवेच होते. पण त्या आदेशांच्या डोळ्यांसमोर मोठा माणूस आहे. माझ्या वर्गात त्रास देणारा आणि सोसणारा, दोघंही चौदा वर्षांचे असतात.

मुलींचं बाकावर नाव कोरलं जातं, एसटी स्टँडपर्यंत पाठलाग होतो, फोटो ग्रुपवर फिरतात. घरी कळलं तर शाळा बंद, हे मुलीला पक्कं ठाऊक असतं, म्हणून ती सांगत नाही. या दिवाळीनंतर माझी एक विद्यार्थिनी आलीच नाही. घरी गेले, तर वडील म्हणाले, ‘बाई, झालं तेवढं शिक्षण पुरे.’ तिला छळणारी मुलं रोज वर्गात असतात.

मुलग्यांचं तर आम्हाला दिसतही नाही. मुतारीत पँट ओढायची, नको तिथे हात लावायचा, आवाज बारीक असला की ‘बायल्या’ म्हणायचं. स्टाफरूममध्ये याला ‘मस्ती’ म्हणतात. मीही म्हणत आले, याची मला लाज वाटते. एक मुलगा पी.टी.च्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गात बसून राहायचा. खरं कारण मला तीन महिन्यांनी त्याच्या आईकडून कळलं. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या अहवालात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या बालकांमध्ये 52.94 टक्के मुलगे होते. तो अहवाल फक्त वर्गमित्रांच्या त्रासाचा नव्हता, तरी मुलग्यांना काही होत नाही हा आमचा समज मोडायला तो पुरेसा आहे.

बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. त्याच्या कलम 19 नुसार गुन्हा कळवणं बंधनकारक आहे. पण त्रास देणाराही आपलाच विद्यार्थी असला की शाळा घाबरते आणि ‘लेखी नको’ म्हणते. अशा वेळी नेमकं काय करायचं, हे आम्हाला सोप्या मराठीत लिहून द्या. मुंबईतल्या काही महापालिका शाळांत 2008 पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर मुलगा-मुलगी समानता आणि हिंसा या विषयांवर तास घेतले गेले. तसा एक तास आमच्याही वेळापत्रकात हवा. मुलग्यांना मोकळेपणी बोलता येईल असा पुरुष समुपदेशक तालुक्याला निदान एक तरी द्या. आणि मुलगी अचानक यायची थांबली, तर आठवड्याच्या आत समितीने तिच्या घरी जायलाच हवं, असा आदेश काढा.

मी एकटी दोनदा जाऊन आले. हजेरीपटावरून तिचं नाव अजून कमी केलेलं नाही.

आपली,
एक वर्गशिक्षिका