कन्नड घाट उतरून आलो, मिस्तरीकाका

मिस्तरीकाका,
सप्रेम नमस्कार.

परवा आईला घेऊन वेरूळहून चाळीसगावला परत आलो. कन्नड घाटात पुढे माल भरलेला ट्रक, मागे एसटी, आणि पायाखाली ब्रेकचं पेडल अगदी जिथल्या तिथे. घाट उतरल्यावर पहिली तुमचीच आठवण झाली. त्या दिवशी तुम्ही गाडीचे ब्रेक दुरुस्त करून दिलेत, पण निघायच्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहिले. आज चार लोकांसमोर मानतो.

वडिलांची १९९१ची कॉन्टेसा गाडी. ते गेल्यापासून मी तिला जिवापाड सांभाळतो. पण वर्षभर तिचं पेडल दगडासारखं झालं होतं, आणि फाटकापाशी पाय दाबून उभं राहिलं की हळूहळू खाली जायचं. दोन ठिकाणी दाखवली. एकाने चाकातले ब्रेक लायनर बदलले, दुसऱ्याने नवा बूस्टर, म्हणजे इंजिनच्या ओढीवर पेडल हलकं करणारा डबा, बसवायला सांगितला. ब्रेक ऑइल मात्र दर महिन्याला बोटभर उतरायचं, जमिनीवर थेंब नाही, चाकांपाशी ओल नाही.

तुम्ही आधी पाना हातात घेतलाच नाही. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारायला लावलंत, मग पाय दाबून स्टार्टर. बूस्टर चांगला असेल तर इंजिन चालू होताच पेडल थोडं खाली बसतं. आपलं हललंच नाही. इंजिनकडून बूस्टरला येणारा व्हॅक्यूमचा पाइप काढून अंगठा लावलात, ओढ चांगली होती. त्या पाइपचा एकेरी वॉल्व्ह फुंकून पाहिलात, हवा एकाच बाजूने जात होती. म्हणजे दोष बूस्टरच्या पोटात. दुसरा कुणी इथेच थांबला असता.

तुम्ही मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या, बूस्टरला पुढून जोडलेल्या पंपाचे दोन नट सोडले, तो अलगद पुढे ओढला आणि मागे बोट घातलंत. बोट ऑइलने निथळत बाहेर आलं. "दख भाऊ, आठे जास तुनं ऑइल." "बघ भाऊ, इथे जातं तुझं ऑइल," म्हणालात. सिलिंडरचा मागचा रबरी कप झिजला होता. तिथून झिरपलेलं ऑइल बूस्टरमध्ये साठलं, त्यानेच आतला पडदा गेला. सकाळी सायलेन्सरमधून येणाऱ्या पांढऱ्या धुराचाही तेव्हा उलगडा झाला. इंजिन तेच ऑइल ओढून जाळत होतं! नुसता बूस्टर बदलला असता तर नवाही तसाच वाया गेला असता.

नुसतं नव्या रबरी कपांचं किट टाकून मोकळं होता आलं असतं. तुम्ही बॅटरीच्या उजेडात सिलिंडरच्या आतले गंजाचे खड्डे दाखवलेत, नवे कपही त्यावर घासून फाटतील म्हणालात, आणि आख्खा मास्टर सिलिंडर मिळेपर्यंत गाडी दारातून हलू दिली नाहीत. मी तेव्हा जरा कुरकुरलो, त्याबद्दल माफ करा. शेवटी लांबच्या चाकापासून हवा काढताना बाटलीतला बुडबुडा थांबेपर्यंत तुम्ही स्वतः वाकून बसला होतात, तेही पाठ दुखत असताना.

रविवारी येतोय. आई भरीत आणि कळण्याची भाकरी करून देणार आहे, त्या दिवशी घरून डबा आणू नका.

आपला ऋणी,
कॉन्टेसावाला, चाळीसगाव