गाडीचा तळ का कापला

ती. आई-बाबांना,
सा. न.

चिऊला तिच्या चाकाच्या खुर्चीसकट आत जाता यावं म्हणून नव्या गाडीचा तळ कापून खाली घेतला, हे परवा फोनवर सांगितलं आणि बाबा एकदम गप्प झाले. मग आईकडून कळलं, कोऱ्या गाडीचा तळ कापला हे त्यांच्या पचनी पडलेलं नाही. बाबा, दापोडीच्या वर्कशॉपात तुम्ही उभी हयात एसटीच्या बॉड्या बांधल्यात. तुम्हाला सगळं नीट सांगायलाच हवं.

एसटीला खाली चासी, म्हणजे पोलादी चौकट, असते आणि तिच्यावर बॉडी चढते. आमच्या टोयोटा सिएनाला वेगळी चासी नाही. तळ, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा. म्हणजे तळ कापणं म्हणजे सांगाड्यालाच हात घालणं, तुमची काळजी अगदी बरोबर आहे. कापलेल्या जागी दहा-बारा इंच खाली पोलादाचा नवा तळ वेल्ड करतात आणि गेलेली ताकद भरून काढायला जागोजागी आधार देतात. गाडी पुढच्या चाकांवर चालते, मधून मागच्या चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट जात नाही, म्हणून हे जमतं. सायलेन्सरचा पाइप, पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या यांची मात्र नव्याने मांडणी करावी लागते. खाली घासू नये म्हणून गाडी थोडी उंचही करतात. असं काम करणाऱ्यांना इथे अमेरिकेत वाहनसुरक्षा खात्याकडे नोंद करावी लागते, कोणीही उठून पत्रा कापत नाही.

हे न करता नुसती फळी लावली असती तर चढ इतका खडा झाला असता की खुर्ची मागे कलंडायची भीती, आणि आत गेल्यावर डोकं छताला. आता बाजूचं दार सरकलं की गाडी त्या अंगाला झुकते, आतून रॅम्प बाहेर येतो आणि चिऊ स्वतः खुर्ची चालवत आत जाते.

आई, तू म्हणतेस, ‘मी येऊन राहते, दोघी मिळून उचलू.’ तुझी माया कळते गं. पण ती खुर्ची बॅटऱ्यांसकट शंभर किलोच्या वर आहे. आजवर चिऊला उचलून सीटवर बसवायचो आणि ती खुर्ची घरीच राहायची. जिथे जाऊ तिथे हलक्या खुर्चीतून दुसऱ्या कुणीतरी ढकलायचं. घरभर मनासारखी फिरणारी मुलगी बाहेर पडली की दुसऱ्याच्या हातात. तिला हे सलतं, काखेत हात घालून उचललेलंही आता आवडत नाही. मला तिचं पटतं. पैसे याच्यासाठी घातले. खर्च मोठा आहे, बदलाचाच खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. आमच्या विम्याने खुर्चीला पैसे दिले, गाडीला नाही. तरी मला एका डॉलरचीही हळहळ नाही.

बाबा, राल्फ ब्रॉन हे नाव तुम्हाला आवडेल. आमच्या इंडियानातल्याच विनामॅक गावचा माणूस. लहानपणीच स्नायूंचा आजार झालेला. आधी त्याने स्वतःसाठी बॅटरीवरची स्कूटर बनवली, मग कामावर जायला टपालखात्याच्या जुन्या जीपमध्ये स्वतःपुरते बदल करून घेतले, आणि १९७० मध्ये डॉज व्हॅनला लिफ्ट बसवली. बघणाऱ्यांनी तसंच आम्हालाही करून द्या म्हटलं, त्यातून कारखाना उभा राहिला. तळ खाली घेतलेली त्यांची मिनीव्हॅन १९९१ ची. स्वतःची अडचण स्वतःच्या हाताने सोडवणारा माणूस, तुमच्याच जातकुळीतला.

आत खुर्ची गाडीच्या तळातल्या खाचेत कडी बसून पक्की होते, तोंड कायम पुढे. खुर्चीचा कमरपट्टा फक्त नीट बसण्यासाठी असतो, अपघातात तो पुरत नाही. म्हणून गाडीला जोडलेला कमरेचा आणि खांद्याचा पट्टा वेगळा लावतो. तो लावल्याशिवाय मी गाडी सुरूच करत नाही.

पार्किंगचं म्हणशील आई, तर अशा गाड्यांच्या राखीव जागेशेजारी पाच ते आठ फूट पट्टे मारून मोकळी ठेवलेली जागा असते, रॅम्प उघडायला. कोणी तिथे गाडी घातली की चिऊ आतच अडकते. त्याचा मला फार राग येतो.

आता एक काम बाबांसाठी. इथे हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. नवा तळ जमिनीच्या जवळ, त्यात वेल्डिंगचे सांधे, गंजाची भीती आहे. तुम्ही खालून कोणता लेप द्यायचात, सांध्यात काय भरायचात, ते सविस्तर लिहून पाठवा. आणि मे महिन्यात याल तेव्हा अंगावरचे जुने कपडे एक जोड आणा. गाडी उचलून धरायची सोय शेजारच्या गॅरेजवाल्याने कबूल केली आहे. वेल्डिंग तुम्ही स्वतः बघा आणि काय वाटतं ते स्पष्ट सांगा.

तुमची,
ताई