चित्रांची तुलना तक्त्यात मावत नाही

मा. संपादक,
स. न.

माझ्या नातीला सातवीत प्रकल्प मिळाला आहे : 'वारली चित्रकला आणि ऑस्ट्रेलियातील आदिवासींची ठिपक्यांची चित्रे : पाच साम्ये, पाच फरक'. विषय वाचून फार आनंद झाला. मी ठाण्यात वर्षानुवर्षे चित्रकला शिकवली. दोन खंडांतली चित्रे शेजारी ठेवून पाहा, असे आम्ही मुलांना कधी सांगितले नाही.

मग वही उघडली. तक्त्यातले पहिले साम्य : 'दोन्ही कला साध्या व प्राचीन आहेत.' त्यावर लाल शाईत बरोबरची खूण.

साध्या? वारल्यांकडे लग्नाच्या वेळी सवाष्णी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे चौकोनी लग्नचित्र, घालतात. त्याला त्या 'लिहिणे' म्हणतात. चौकात सुफलतेची देवी पालघट असते आणि तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. तिकडे मध्य ऑस्ट्रेलियात एखादी कथा कोणी रंगवायची, याचा हक्क ठरलेल्या घराण्याकडे असतो. बाहेरच्यांना दाखवायचे नाही ते झाकायलाही ठिपके वापरले गेले. नातीला हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे आजी, हे ठिपके नक्षीचे नाहीतच?" माझ्या मते तुलना इथून सुरू होते.

खरे साम्य तर तक्त्यात आलेच नाही. 1971 मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या गावातल्या शाळेच्या भिंतीवर तिथल्या पुरुषांनी मधमुंग्यांची कथा रंगवली आणि पुढे ती चित्रे फळ्यांवर, कॅनव्हासवर आली. त्याच दशकात आपल्याकडे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे कागदावर चित्रे काढू लागले आणि बायकांच्या हातची ही चित्रकला पुरुषांच्याही हाती गेली. भिंत सुटली, विधी सुटला, चित्र विकाऊ झाले. काय मिळाले, काय गेले? सातवीतले मूल यावर नक्की बोलू शकते. फक्त कोणी विचारले पाहिजे.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असते. चित्र पाहून त्याबद्दल लिहायला सांगणारा प्रश्नच नाही. मुलांचा हात तयार होतो, डोळा मात्र राहून जातो. संकल्पचित्रात वारलीची किनार काढून गुण मिळवणाऱ्या कितीतरी मुलांना ठाण्यालगतच्या येऊरच्या पाड्यांवर वारली राहतात, हेही ठाऊक नसते. ही खंत मला माझ्याच वर्गांबद्दल वाटते.

शाळांना विनंती आहे की सहलीचा एक दिवस वॉटर पार्कऐवजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला द्यावा. तिथे असिरियन राजवाड्यातले शिल्पपट आहेत, गांधार शैलीची शिल्पे आहेत, चिनी-जपानी वस्तू आहेत. मुलांना दोनच वस्तूंसमोर अर्धा तास बसवावे. कोणी घडवली, कशावर, कोणासाठी, आणि आज ती इथे कशी आली, एवढेच विचारावे. तक्ता नको.

एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
नौपाडा, ठाणे