नाचायला बाई, ठरवायला पुरुष

महोदय,

बॅले म्हटले की डोळ्यांपुढे नर्तिकाच येते. पण कोणते नृत्य बसवायचे, कोणाला मुख्य भूमिका द्यायची, पैसा कुठे खर्चायचा, हे बहुतेक वेळा पुरुषच ठरवत आले. लंडनच्या रॉयल बॅलेचेच पाहा. १९३१मध्ये ही संस्था उभी केली निनेट द व्हॅलॉय या बाईने. १९६३मध्ये त्या पायउतार झाल्या आणि पुन्हा बाई प्रमुखपदी बसायला २००२ उजाडले! मोनिका मेसन यांच्यानंतर, २०१२पासून, पुन्हा पुरुषच.

कर्तृत्व कमी म्हणून असे होते, हे मला पटत नाही. बॅले शिकायला मुली झुंडीने येतात, मुले मोजकीच. 'स्वान लेक' या बॅलेतल्या हंसिणींच्या रांगेत मुलीने मान जरा वेगळी वळवली तरी बोलणी बसतात. वर्षानुवर्षे रांगेत मिसळून जायचे आणि तालमींतून उसंत नाही, मग स्वतःची रचना करून पाहणार कधी? मुलगा मात्र सुरुवातीपासून वेगळा उठून दिसतो.

तमारा रोहो यांनी २०१६मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेत फक्त स्त्री नृत्यदिग्दर्शकांच्या रचनांचा कार्यक्रम केला, कारण तेव्हा त्या संस्थेच्या प्रमुख असल्याने निर्णय त्यांच्या हातात होता. पुरस्कार आणि गौरवसमारंभ पुरे झाले; तरुण नर्तिकांना तालमीची जागा, वेळ आणि छोट्या प्रयोगाइतका पैसा द्या.

– एक नृत्यप्रेमी वाचक